दोन सेकंदांवर

पहिल्या दिवशी आढाव मॅडमनी
हातात पेन्सिल दिली, कंपास दिला,
म्हणाल्या, संगणक तीन मिनिटांत सांगतो,
तू आधी हातानं शीक.

दिंडोरी रोडवरच्या या इमारतीच्या तळघरात
खडकाला टेकवून बसवलेलं यंत्र.
द्राक्षांचे ट्रक जातात, त्याला कळतं.
गणपतीतले ढोल कळतात.
परवा वाघेरेकाका जिना धावत उतरले
तेही रेघेवर उमटलं, पायरी-पायरीनं.
मॅडम म्हणाल्या, ही वरची कुजबुज.
खालून कोण बोलतंय, ते वेगळं काढता आलं पाहिजे.

जमीन सरकते तेव्हा दोन निरोप निघतात,
एकाच क्षणी, एकाच ठिकाणाहून.
पहिला ढकलत येतो.
खाणीत घमेली हातोहात जातात,
बाई जागची हलत नाही
आणि ओझं पोचतं, तसा.
दुसरा आडवा,
दोरखंड झटकावा तसा हेलकावत, मागून.
भिंती बहुतेक यानंच फाटतात.
पहिला नुसतं दार वाजवतो.

जितकं लांबून येणं, तितकी दोघांची ताटातूट.
मधले सेकंद मोजायचे, आठानं गुणायचं,
झाले किलोमीटर.
इतकं सोपं? मी विचारलं.
ढोबळ, त्या म्हणाल्या. आधी सगळं ढोबळच असतं.

मंगळवारी रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी
रेघ उसळली.
मग थांबली. मग खरी उसळली.
सात सेकंद. सात आठे छप्पन्न.
नाशकात कंपासचं टोक रोवलं, फिरवलं.
वर्तुळ कळवणवरून गेलं,
लासलगावच्या कांद्यांपलीकडून,
घाट उतरून परत वर.
किती लांब ते कळलं, कुठल्या दिशेला ते नाही.
एका यंत्राला एवढंच येतं.

दुसऱ्या केंद्राचा आकडा आला, दुसरं वर्तुळ.
आता दोन जागा, दोन्ही तितक्याच खऱ्या.
तिसऱ्यानं एक खोडली.
पण वर्तुळं एका ठिपक्यात मिळेनात.
मधे नखाएवढा त्रिकोण उरला,
त्यात दोन ओहोळ, तीन पाडे, एक आश्रमशाळा.
मी खोडरबर उचललं.
राहू दे, मॅडम म्हणाल्या,
कागद सपाट आहे, आणि ते खोल आहे.

सकाळी आश्रमशाळेच्या रखवालदाराला फोन लावला.
आधी कुत्री उठली, तो म्हणाला, मग पत्रे वाजले.
मधे किती वेळ?
चिमूट तोंडात टाकेपर्यंत.
मी ते लिहून घेतलं. रकाना नव्हता, समासात लिहिलं.

शुक्रवारी दुपारी बारा चाळीसला पुन्हा रेघ हलली.
मी वही ओढली. मॅडम डबा खाता खाता म्हणाल्या,
पहिली उडी बघ. वर?
वर.
बाकीच्या केंद्रांवर?
जिथं दिसते तिथं वरच.
आणि दुसरा निरोप?
दिसतो न दिसतोसा.
सुरुंग आहे. भूकंपात घालू नकोस.

दोन सेकंद. दोन आठे सोळा.
या खेपेला मला बाकीची वर्तुळं लागली नाहीत.
सारूळकडच्या डोंगरात माझा बाप
हातोडीनं दगड वाजवून बघतो,
कान लावतो, जरा सरकतो, पुन्हा वाजवतो.
कुठून फुटणार ते त्याला आधी ऐकू येतं.
अलकुंट्यांच्या घरात कंपास कधी नव्हता.
लहानपणी मला वाटायचं, तो दगडाशी बोलतो.
तो विचारत होता.

संध्याकाळी फोन केला.
आप्पा, साडेबाराचा सुरुंग
आज दहा मिनिटं उशिरा का उडवलात?

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग खाकरून:
वात सर्दावली होती.
तुला कुणी सांगितलं गं?